नावे-जमा पुन्हा पहिल्यापासून: अमेरिकेतल्या टेक्निकल कॉलेजात अकाउंटिंग शिकलेल्यांनो, लिहा

गेल्या महिन्यात दोघींनी वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला. बी.कॉम. झालंय, अमेरिकेत येऊन घरी बसलेय, टेक्निकल कॉलेजचा (दोन वर्षांत कामाधंद्याचं शिक्षण देणारं कॉलेज) अकाउंटिंगचा कोर्स करू का? एकेकीला उत्तर देत बसण्यापेक्षा ज्यांनी केलाय त्यांनीच लिहावं. फी आणि तारखा कॉलेजच्या साइटवर मिळतात, त्या नकोत. तिथे जे मिळत नाही ते सांगा.

सुरुवात मीच करते. मी एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या नवऱ्यामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, विस्कॉन्सिनला आले. या राज्यात अशी १६ कॉलेजं आहेत, त्यातलं एक आमच्या बसच्या रस्त्यावर. एच-४ वर शिकायला आडकाठी नसते, नोकरीला असते. २०१५ पासून काहींना कामाचा परवाना मिळतो, पण त्यासाठी सहसा नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज) मंजूर व्हावी लागते. तोवर शिकून घेऊ, एवढाच विचार होता.

टॅलीवर तीन वर्षं काम केलेलं, त्यामुळे वर्गात जरा तोऱ्यातच बसले. पहिल्याच चाचणीत प्रश्न आला, कंपनीने स्टॉक इश्यू केला, नोंद करा. मी गोदामातून माल काढून कारखान्याला दिला! इथे स्टॉक म्हणजे शेअर. मालाला इन्व्हेंटरी म्हणायचं. बाईंनी लाल पेनाने काही खोडलं नाही, फक्त मोठं प्रश्नचिन्ह काढून शेजारी लिहिलं, 'भेट'. भेटले, तेव्हा त्या म्हणाल्या, नोंद बरोबर आहे, पण दुसऱ्याच प्रश्नाची.

मग एकेक निघत गेलं. संड्री डेटर्स (उधारीवाले) म्हटलं की कोणाला कळेना, ते अकाउंट्स रिसीव्हेबल. ताळेबंदात आपण आधी भांडवल आणि देणी लिहितो, इथे सगळ्यात वर रोख. आपले 'येणारे नावे, जाणारे जमा' वगैरे सुवर्णनियम इथे कुणी ऐकलेलेच नाहीत. मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल, या एका समीकरणावर सगळी इमारत. आणि स्वल्पविराम! १,२५,००० असं लिहून मोकळी व्हायचे, हवं १२५,०००. हात वळायला अख्खं सेमिस्टर गेलं. आता लिहा तुम्ही.

* * *

ताई, तुमचा स्टॉक वाचून हसलो. माझी गोष्ट पगाराच्या चिठ्ठीची.

बारावीनंतर थेट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलो. पहिलं वर्ष झाल्यावर सीपीटीवर (शिकत असताना कामाची परवानगी) एका छोट्या ऑफिसात लागलो, आणि त्याच सेमिस्टरला पेरोलचा विषय होता. वर्गात पगारातून कापायच्या करांचं गणित चाललं होतं, सोशल सिक्युरिटी (निवृत्तीसाठी) ६.२ टक्के, मेडिकेअर (म्हातारपणीच्या औषधोपचारासाठी) १.४५ टक्के. घरी येऊन स्वतःची पे-स्टब काढली तर दोन्ही कापलेले. एफ-१ वरच्या नॉनरेसिडेंट (करासाठी अनिवासी) विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं हे लागूच होत नाहीत. मालकीणबाईंना सांगायला तीन दिवस धीर होईना, कालचं पोर आम्हाला शिकवतंय असं वाटेल म्हणून. शेवटी आयआरएसचं (इथलं आयकर खातं) पान छापून नेलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि 'किती महिने?' एवढंच विचारलं. पैसे परत आले. तेव्हापासून पेरोलचं काम माझ्याच टेबलावर येतं. बक्षीस की शिक्षा, अजून ठरलं नाही.

एफ-१ वाल्यांना दोन गोष्टी. सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप) लागतात आणि त्यात पूर्ण ऑनलाइन असा एकच विषय धरतात. सोयीचे म्हणून दोन ऑनलाइन विषयांवर भिस्त ठेवली की व्हिसाच्या स्टेटसची बोंब. दुसरं, ओपीटी (शिक्षणानंतर कामाची परवानगी) १२ महिनेच. स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) वर २४ महिने मिळतात, साध्या अकाउंटिंगला नाहीत. एच-१बीला सहसा बॅचलर्स लागते, म्हणजे असोसिएट (दोन वर्षांची) डिग्री घेऊन थांबता येत नाही. पुढे युनिव्हर्सिटीत जायचंच आहे हे धरूनच विषय घ्या.

* * *

वरच्या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढा. मला कॉलेजच्या सल्लागाराने हसत हसत सांगितलं, 'सगळं ट्रान्सफर होतं.' माझी डिग्री अप्लाइड सायन्सची, म्हणजे थेट नोकरीसाठीची होती. ६४ क्रेडिट घेऊन युनिव्हर्सिटीच्या दारात गेले, त्यांनी ३८ मोजले. बिझनेस मॅथ्स, टेन-की (आकड्यांच्या कळांवर झटपट टायपिंग), अकाउंटिंग सॉफ्टवेअर, सगळं बाद. मजा म्हणजे नोकरी मला त्या बाद झालेल्या विषयांवरच मिळाली. मुलाखतीत क्विकबुक्स हे अकाउंटिंग सॉफ्टवेअर उघडून बँक जुळवायला दिली होती. तरीही सांगते, जिथे पुढे जायचं त्या युनिव्हर्सिटीकडूनच लेखी घ्या. निघणाऱ्या कॉलेजच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

* * *

माझं उलटं. एम.कॉम. आधीच होतं, सीपीए (इथलं सीए) करायचं होतं, पण पदव्यांचं मूल्यांकन झाल्यावर अकाउंटिंगचे क्रेडिट कमी पडले. तेवढे टेक्निकल कॉलेजात संध्याकाळी भरून काढले. नाव नोंदवण्याआधी सीपीएचा परवाना देणाऱ्या राज्याच्या बोर्डाला ईमेल केली म्हणून वाचलो, टॅक्सचा विषय चालला, इंटरमीजिएट अकाउंटिंग मात्र त्यांना युनिव्हर्सिटीच्या वरच्या वर्गाचंच हवं होतं. दर राज्याचं वेगळं असतं. सीपीएसाठीची १५० क्रेडिटची अटही काही राज्यांनी आता सैल केली आहे, बॅचलर्स आणि दोन वर्षांचा अनुभव असा रस्ता दिलाय. परीक्षेचे चार भाग, प्रत्येकात पास व्हायला ७५ लागतात. दोन झाले, दोन बाकी.

* * *

मी वयाने तुम्हा सगळ्यांहून मोठी, पन्नाशी ओलांडलेली, ग्रीन कार्डावर. वर्गात माझ्या एका बाजूला मोंग (आग्नेय आशियातला एक समाज) कुटुंबातली मुलगी, दुसरीकडे रात्री टॅक्सी चालवून आलेला सोमाली गृहस्थ. इंग्रजी तिघांचंही तीन तऱ्हांचं, पण ट्रायल बॅलन्स जुळला नाही की तिघं एकाच सुरात उसासे टाकायचो.

आमच्या बाईंनी व्हिटात जायला लावलं. आयआरएसच्या मदतीने चालणारी ही मोफत टॅक्स भरून देण्याची सोय, स्वयंसेवकाला परीक्षा द्यावी लागते. परदेशी विद्यार्थ्यांचे फॉर्म भरायचे तर आणखी एक परीक्षा वेगळी. तीही दिली, हट्टाने.

एका शनिवारी आपल्याकडचाच एक मुलगा आला, एफ-१ वर, दुसरं वर्ष. सॉफ्टवेअरवर स्वतःच १०४० (रहिवाशांचा टॅक्सचा फॉर्म) भरून आणलेला, फक्त 'एकदा बघा' म्हणाला. त्याला लागणार होता अनिवासींचा, १०४०-एनआर. नॉनरेसिडेंटला स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) मिळत नाही, पण भारत-अमेरिका कराराच्या कलम २१(२) मुळे आपल्या विद्यार्थ्यांना ते मिळतं. शिवाय फॉर्म ८८४३ (परदेशी विद्यार्थ्याने आपल्या इथल्या मुक्कामाबद्दल द्यायचा) राहिलाच होता. गेल्या वर्षी भरला होतास का म्हटलं, तर म्हणे, 'तेव्हा तर कमाईच नव्हती.' अरे, कमाई नसली तरी तो भरायचा असतो! बसून दोन्ही वर्षांचे भरून घेतले. कागद पिशवीत घालताना त्याने हळूच विचारलं, "काकू, तुम्ही सीपीए आहात?"

"नाही रे," म्हटलं, "दुसऱ्या सेमिस्टरला आहे. सोमवारी माझी मिडटर्म."