मदत हवी आहे : मेव्हण्यावर ड्रंक अँड ड्राइव्हची केस, वकिलाबद्दल सल्ला द्या

नमस्कार मंडळी. माझा मेव्हणा पुण्यात टेम्पो चालवतो. गेल्या शनिवारी मित्राच्या हळदीहून बाइकवर येताना नाकाबंदीत सापडला. यंत्रात फुंकायला लावलं, पावतीवर ४१ आलं (मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ). रक्ततपासणी केलेली नाही. लायसन्स आणि बाइक जप्त, कोर्टाची तारीख मिळाली आहे. प्यायला होता, त्यावर वाद नाही.

एक वकील म्हणतात, "गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." पण मी कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर कैद दोन वर्षांपर्यंत. दंडाचं कसंही जमवू. खरी धास्ती कलम २० ची आहे. दोषी ठरला की किमान सहा महिने लायसन्स अपात्र. टेम्पोचा हप्ता कोण भरणार? म्हणजे मोकळे होणार ते वकीलसाहेब!

दुसरे वकील केस लढू म्हणतात. यंत्राचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (यंत्र बरोबर मोजतं याचा दाखला) मागायचं, पावतीवरची वेळ आणि सही तपासायची. फी मात्र ऐकूनच घाम फुटला.

कुणी अशी केस लढवली आहे का? केस चालू असताना लायसन्स परत मिळतं का, आणि अर्ज कोर्टात करायचा की आरटीओत? विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील अशा केसला मिळतो का? पुण्यातले फौजदारी वकील माहीत असतील तर मेसेज करा. "पिऊन चालवायचीच कशाला" हे बहिणीने त्याला पुरेसं ऐकवलंय.