बोटींच्या क्षेत्रात काम करायचे असल्यास आधी कोणते प्रशिक्षण घ्यावे?

प्रश्न

नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका पूर्ण केली असून सध्या मोटारगाड्यांच्या दुरुस्तीच्या कार्यशाळेत नोकरी करतो. लहान बोटी आणि यॉट यांच्या क्षेत्रात कायमचे जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. मोठ्या व्यापारी जहाजांवरची नोकरी मात्र मला नको आहे. शोध घेतला तेव्हा कुठे नौकाबांधणीच्या शाळा दिसल्या, कुठे स्किपरची म्हणजे बोटीच्या कप्तानाची प्रमाणपत्रे, तर कुठे नौका-आरेखनाचे घरबसल्या करायचे अभ्यासक्रम. वेळ आणि पैसा पाहता मला एकच वाट धरता येईल. ज्यांनी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : इंजिने व वायरिंगचे काम करणारा

बांधणी, दुरुस्ती, चालवणे आणि आरेखन हे चार वेगळे व्यवसाय आहेत आणि एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्यात फारसे उपयोगी पडत नाही. तुमची पार्श्वभूमी पाहता दुरुस्तीची वाट धरावी, आणि तीतही विद्युत यंत्रणेकडे विशेष लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटारीच्या कामातून आलेल्याला इंजिन लवकर कळते, पण बोटीचे इंजिन ज्या जागेत बसते ती जागा कळायला वेळ लागतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखाली ती निघून जाते, बोटीत मात्र ती तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणूनच पेट्रोल इंजिनाच्या कक्षातील स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडू न देणाऱ्या बनावटीचे असावे लागतात, आणि हुबेहूब दिसणारा मोटारीचा सुटा भाग तिथे कधीही बसवायचा नसतो. वायरिंगचेही तसेच आहे. एकसंध तार सततच्या कंपनांनी तुटते, म्हणून अनेक बारीक तारांची आणि शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली वायर वापरतात. जोड क्रिंप करून, म्हणजे धातूच्या टोकात तार दाबून पक्की करून घेतात, नुसत्या डाखावर विसंबून राहत नाहीत. याखेरीज खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू विजेच्या दृष्टीने जोडले गेले की त्यांतला एक झिजू लागतो, म्हणून प्रोपेलर आणि शाफ्ट वाचवण्यासाठी जस्ताचे तुकडे मुद्दाम झिजू दिले जातात. गोड्या पाण्यात तेच काम मॅग्नेशियमकडून करून घेतात. जो अभ्यासक्रम या गोष्टी हाताने करून घेत नाही, त्यावर पैसे खर्च करू नयेत.

१९५४ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही संस्था बोटींसाठी तांत्रिक मानके तयार करते आणि विद्युत, इंजिन अशा विषयांत तंत्रज्ञांना प्रमाणपत्रे देते. ती ५ वर्षांसाठी असतात आणि नंतर नव्याने मिळवावी लागतात. त्याच संस्थेच्या विद्युत मानकात बॅटरीपासून साधारण १८ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असावा असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामागचे कारण तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर मुलाखतीत त्याचा खूप उपयोग होतो. यामाहा, मर्क्युरी, व्होल्वो पेंटा यांसारख्या इंजिन कंपन्यांचे प्रशिक्षण मुख्यतः त्यांच्या विक्रेत्यांकडील कर्मचाऱ्यांसाठी असते, म्हणून आधी विक्रेत्याकडे नोकरी आणि मग त्याच्यामार्फत प्रशिक्षण हा क्रम सोयीचा पडतो.

प्रतिसाद २ : स्किपर

वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण पाण्यावरचे काम आवडेल असे वाटत असेल तर हेही वाचावे. ब्रिटनमधील रॉयल यॉटिंग असोसिएशनचे 'यॉटमास्टर ऑफशोअर' हे स्किपरचे प्रमाणपत्र अनेक देशांत मानले जाते. त्याच्या परीक्षेला बसण्यापूर्वी समुद्रावरचे ५० दिवस आणि २,५०० सागरी मैल यांचा अनुभव नोंदवहीत असावा लागतो. वर्गात बसून हा अनुभव मिळत नाही, त्यामुळे 'शून्यापासून थेट यॉटमास्टर' अशी जाहिरात दिसल्यास त्यात प्रत्यक्ष किती मैल पूर्ण करून घेतले जातात हे आधी लेखी विचारावे. मोठ्या यॉटवर पगारी काम करायचे असल्यास एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण लागते : पाण्यात तगून राहणे, आग विझवणे, प्रथमोपचार आणि वैयक्तिक सुरक्षितता.

एक कळकळीची सूचना. शुल्क भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आणि रंगदृष्टीची चाचणी करून घ्यावी. रात्री समोरच्या बोटीची डावी बाजू लाल दिव्याने आणि उजवी हिरव्या दिव्याने ओळखायची असते; हा भेद न दिसणाऱ्याला रात्रीच्या पाळीची जबाबदारी देता येत नाही.

प्रतिसाद ३ : नौकाबांधणी

लाकूड आणि फायबरग्लास यांची खरी ओढ असेल तरच बांधणीकडे यावे. अमेरिकेत न्यूपोर्ट येथील आयवायआरएस आणि इंग्लंडमध्ये लाइम रीजिस येथील बोट बिल्डिंग अकादमी या नावाजलेल्या शाळा आहेत. फायबरग्लासच्या कामात रेझिनमधून स्टायरीन या अपायकारक रसायनाची वाफ निघते, त्यामुळे शाळा पाहायला गेलात की विद्यार्थ्यांच्या तोंडावर योग्य श्वसनमुखवटे आहेत का आणि हवा खेळती ठेवण्याची सोय आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. जी शाळा यात हयगय करते, तिथे प्रवेश घेऊ नये. आरेखनासाठी गणिताचा पाया भक्कम हवा. ते नंतर नोकरी करतानाही शिकता येते.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विद्युत आणि इंजिन दुरुस्तीकडे वळावे असे मनाशी ठरवले आहे. एक शंका उरते : हातातली नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यासक्रमाला जावे, की आधी एखाद्या बोटयार्डमध्ये मदतनीस म्हणून लागावे?

प्रतिसाद १ : इंजिने व वायरिंगचे काम करणारा

आधी बोटयार्ड. हंगाम सुरू होण्यापूर्वी बोटी पुन्हा पाण्यात उतरवण्याची घाई असते आणि त्या काळात यार्डांना जास्तीचे हात लागतात. तेव्हाच अर्ज करावा. सुरुवातीला तळ घासणे, जस्ताचे तुकडे बदलणे आणि पंप उघडून साफ करणे हीच कामे मिळतील, पण त्यातून अरुंद जागेत वाकून तासन्‌तास काम करणे आपल्याला झेपते की नाही, हे शुल्क भरण्याआधीच कळेल. हंगामानंतरही इच्छा टिकली, तर त्याच यार्डाच्या मालकाला प्रमाणपत्राच्या खर्चात वाटा उचलाल का, असे विचारावे. कामाच्या माणसाला पुढे शिकवण्यात त्यांचाही फायदा असतो, म्हणून विचारायला संकोच करू नये. तोवर तुमच्या कार्यशाळेतच मल्टिमीटरने व्होल्टेजची घट मोजण्याचा सराव ठेवावा. बोटीतले विद्युत बिघाड शोधताना तीच मोजणी रोज करावी लागते.