मदत हवी आहे: मशीनचं नाव बदलल्यापासून क्रॉनची लोकल मेल गायब

मंडळी, दोन दिवस डोकं खाजवून झालं, म्हणून शेवटी धागा काढतोय.

वर्कस्टेशनवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि पोस्टफिक्स (मेल पोचवणारा प्रोग्राम). बाहेर मेल पाठवायची मला गरजच नाही. रात्री २ वाजता क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) बॅकअपची स्क्रिप्ट चालवतो, काही बिनसलं तर ती चार ओळी ओकते आणि त्या सकाळी माझ्या लोकल मेलबॉक्समध्ये दिसतात. मेल नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चाललो होतो. परवा एक जुनी फाइल बॅकअपमधून काढायला गेलो तर शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा! स्क्रिप्ट रोज रात्री आपटत असणार आणि मला पत्ताच नाही.

त्या सुमारास केलेला एकच बदल आठवतो. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली आणि त्या आनंदात मशीनचं 'कासव' हे नाव बदलून 'ससा' केलं (हसू नका). होस्टनेम बदललं, होस्ट्स फाइलमध्ये (मशीनची नावं आणि आयपी पत्ते यांची यादी) १२७.०.१.१ या मशीनच्याच पत्त्यासमोर नवं नाव घातलं, इटीसी फोल्डरमधल्या मेलनेम फाइलमध्येही (मेलच्या पत्त्यात मशीनचं कोणतं नाव लावायचं ते तिथे असतं) घातलं.

क्रॉन चालतोय, लॉगमध्ये रोजची नोंद आहे. पोस्टफिक्स चालू आहे. डिस्कवर जागा भरपूर. थांबलेल्या मेलची रांग दाखवणारा मेलक्यू म्हणतो, रांग रिकामी आहे. हाताने स्वतःलाच मेल पाठवून पाहिली तर कमांड काही न बोलता संपते आणि मेल कुठेच नाही. मजा पुढेच आहे: पत्त्यात माझ्या नावापुढे '@लोकलहोस्ट' (म्हणजे हेच मशीन) लिहिलं तर तीच मेल क्षणात येते! नुसतं नाव लिहिलं की गायब. रांगेत नाही, मेलबॉक्समध्ये नाही, मग जाते कुठे?

प्रतिसाद १

क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) वर 'मेलटू' (मेल कोणाला जायची ते) रिकामं ठेवलंय का? तसं असेल तर क्रॉन मेल पाठवतच नाही. होम फोल्डरमध्ये विसरलेली डॉट-फॉरवर्ड फाइल (मेल दुसरीकडे वळवणारी) असेल तर तीही बघा.

धागाकर्ता

दोन्ही पाहिलं, दोन्ही नाही. शिवाय हाताने पाठवलेलीही जात नाही, म्हणजे बिचाऱ्या क्रॉनचा दोष नसावा. एक बावळट प्रश्न: क्रॉन 'सेंडमेल'ला हाक मारतो असं वाचलं. माझ्याकडे तर पोस्टफिक्स आहे. दोन्ही एकमेकांच्या पायात येत नाहीत ना?

प्रतिसाद २

नाही. सेंडमेल १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बीएसडी युनिक्सबरोबर आलं आणि मेल पाठवायची म्हणजे त्याच नावाची कमांड चालवायची, ही सवय सगळ्या प्रोग्रामना लागली. म्हणून पोस्टफिक्सही त्याच नावाची स्वतःची कमांड देतं. तुमच्याकडची सेंडमेल ही पोस्टफिक्सचीच.

'लोकलहोस्ट'ला जाते हा धागा घट्ट धरा. म्हणजे मेलबॉक्स, परवानग्या, लोकल डिलिव्हरी सगळं ठीक आहे. गोंधळ पत्त्याच्या उजव्या बाजूला आहे. पोस्टकॉन्फने (पोस्टफिक्सची सेटिंग दाखवणारी कमांड) मायहोस्टनेम (मशीनचं नाव), मायओरिजिन (नुसत्या नावापुढे काय लावायचं) आणि मायडेस्टिनेशन (कोणत्या नावांची मेल आपली) या तिन्हींच्या किमती बघा, आणि मेलच्या लॉगमध्ये 'स्टेटस' शब्द शोधून शेवटच्या ओळी इथे टाका. अंदाज बांधत बसण्यापेक्षा लॉग वाचणं बरं.

धागाकर्ता

मायहोस्टनेम: कासव (!). मायओरिजिन: मेलनेम फाइलकडे बोट. मायडेस्टिनेशन: डॉलर-मायहोस्टनेम (म्हणजे मायहोस्टनेमची जी किंमत असेल ती), कासव, लोकलहोस्ट. लॉगमध्ये माझा पत्ता '@ससा' असा दिसतो आणि पुढे 'स्टेटस बाउन्स्ड, होस्ट ऑर डोमेन नेम नॉट फाउंड'. रोज रात्री २ला हेच, आणि लगेच खाली तसलीच आणखी एक ओळ. पण होस्ट्स फाइलमध्ये ससा आहे की! नॉट फाउंड कसं?

प्रतिसाद २

सापडलं. नुसतं नाव लिहिलं की पोस्टफिक्स त्यापुढे मायओरिजिन चिकटवतं, म्हणजे '@ससा'. मग बघतं की ससा मायडेस्टिनेशनच्या यादीत आहे का. यादीत आहे कासव. म्हणजे ही मेल आपली नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी मशीनची, असं समजून ती बाहेर पाठवायला निघतं. बाहेरचा पत्ता शोधताना ते मुळात डीएनएसला (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी नेटवरची सेवा) विचारतं, होस्ट्स फाइल बघत नाही. डीएनएसला कुठला ससा माहीत असणार?

रांग रिकामी का, तर नावच नाही असं पक्कं उत्तर आलं की मेल थांबवून ठेवत नाहीत, लगेच परत पाठवतात. डीएनएस सर्व्हर गाठताच आला नसता तर मेल रांगेत ५ दिवसांपर्यंत पडून राहिली असती आणि तुम्हाला दिसली असती. आता परत कोणाकडे? पाठवणाऱ्याकडे, म्हणजे तुम्हीच, '@ससा'. तीही जात नाही, ती तुमची दुसरी ओळ. आणि परतीच्या मेलची पुन्हा परती होत नाही, नाहीतर दोन मशीन जन्मभर एकमेकांना मेल पाठवत बसतील. म्हणून पोस्टफिक्स ती गुपचूप टाकून देतं.

मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मायहोस्टनेम ससा करा. मायडेस्टिनेशनमध्ये हाताने लिहिलेलं कासव काढा, डॉलर-मायहोस्टनेम आहे तेवढं पुरे. पोस्टफिक्स रीलोड करा. मग सेंडमेल कमांडला उणे-बीव्ही आणि तुमचं नाव द्या. खरी मेल न टाकता पत्ता पोचतो का, याचा अहवाल मेलनेच येतो.

धागाकर्ता

अहवाल आला! मेलनेम फाइलला हात लावला नसता तर मेलचं काहीच बिघडलं नसतं, हे आता कळतंय. मागच्या तीन आठवड्यांच्या मेल कुठून मिळतील का?

प्रतिसाद २

नाही. लॉगमध्ये वेळ आणि पत्ता मिळेल, मजकूर गेला. स्क्रिप्ट हाताने चालवून बघा, ती का आपटते ते कळेल.

धागाकर्ता

चालवायची गरज पडली नाही, आज पहाटे क्रॉनची मेल आली. एकच ओळ: बॅकअप डिस्कवर 'ससा' नावाचं फोल्डर नाही. स्क्रिप्ट मशीनच्या नावाचं फोल्डर शोधते, मीच कधीतरी तसं लिहून ठेवलं होतं. फोल्डर केलंय, बॅकअप चालू आहे.