तलावाचा नियम आणि सोरायसिस : कोथरूडच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-५०३ : सर्वांना नमस्कार. काल आपल्या पोहण्याच्या तलावावर एका सभासदांच्या पाठीवर आणि कोपरांवर लाल चट्टे व पांढऱ्या खपल्या दिसल्या. लहान मुलेही त्याच पाण्यात उतरतात, त्यामुळे त्वचाविकार असलेल्यांना तूर्त तलावात प्रवेश देऊ नये, अशी समितीला विनंती आहे.

ए-२०१ : ते चट्टे माझे आहेत, म्हणून उत्तरही मीच देतो. हा सोरायसिस आहे आणि तो स्पर्शाने, पाण्याने किंवा टॉवेलमधून कोणालाही होत नाही. यात शरीराची प्रतिकारशक्ती विनाकारण चेतवली जाते आणि एरवी साधारण महिनाभरात खालच्या थरातून वर येणारी त्वचेची पेशी तीन ते पाच दिवसांतच वर येऊन पोहोचते. अशा अर्धवट तयार झालेल्या पेशींचा थर साचतो, त्याच या खपल्या. जागतिक आरोग्य सभेच्या २०१४ च्या ठरावातही या आजाराला असंसर्गजन्यच म्हटले आहे. क्लोरीनचा त्रास झालाच, तर तो माझ्या कोरड्या त्वचेला होतो, म्हणून पाण्याबाहेर आल्याबरोबर मी अंघोळ करून अंगाला मॉइश्चरायझर लावतो. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या थंडीत तर हे दिवसातून अनेकदा करावे लागते.

बी-५०३ : काका, शंका फिटली. विनंती मागे घेते.

डी-१०४ : भावोजी, माझ्या मावसबहिणीला एका वैद्यांच्या पुड्यांनी महिन्याभरात गुण आला. पत्ता पाठवू का?

ए-२०१ : वहिनी, आपण आपुलकीने सांगता आहात, परंतु पुडीत काय आहे हे लिहिलेले नसेल, तर झटपट गुण येणे हीच मला शंकेची जागा वाटते. अशा औषधांत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेले सापडते. ते पोटात गेल्यावर चट्टे भराभर मावळतात आणि बंद केल्यावर अधिक जोराने उसळू शकतात, क्वचित अंगभर पुवाच्या फोडांच्या रूपात. मी मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी घेतो. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली गेली, तर जिवावर बेतू शकते, म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सौ. प्रत्येक रविवारभोवती लाल गोल काढून ठेवते. शिवाय रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्याच लागतात.

ए-६०२ : काका, नवीन इंजेक्शनांनी हा आजार कायमचा जातो का?

ए-२०१ : कायमचा नाही. इंटरल्युकिन-१७ किंवा २३ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांना रोखणाऱ्या इंजेक्शनांनी अनेकांची त्वचा जवळजवळ स्वच्छ होते, हे मोठेच काम आहे. मात्र उपचार थांबवल्यावर आजार बहुधा परततो. सुप्त क्षयरोग डोके वर काढू नये म्हणून आधी त्याची तपासणी करतात. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने २०१३ मध्ये इटोलिझुमॅब हे सोरायसिसवरचे इंजेक्शन भारतात आणले, तेव्हा आपल्याकडेच तयार झालेले औषध म्हणून आम्हा रुग्णांच्या आशा वाढल्या होत्या. आजही खरी अडचण खर्चाची आहे, कारण माझ्या विम्यात बाह्यरुग्ण उपचार बसत नाहीत. मला चमत्कार नको आहे. नेमाने परवडेल असे औषध मिळावे आणि आजार सांध्यांत उतरू नये, एवढीच अपेक्षा आहे. कोणाला सोरायसिस असेल आणि सकाळी बोटे बराच वेळ आखडत असतील, तर ते वयावर न ढकलता डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

सचिव : चर्चेची नोंद घेतली आहे. तलावाच्या नियमांच्या फलकावरील ‘त्वचाविकार’ या शब्दाऐवजी ‘उघडी जखम किंवा संसर्गजन्य त्वचाविकार’ असा मजकूर येत्या बैठकीत मांडला जाईल, आणि तलावाजवळचा बंद पडलेला शॉवरही त्याच वेळी दुरुस्तीला घेतला जाईल.