पाहुणे लेखक : व्याख्यान की कार्यशाळा?
पाहुण्या लेखकांच्या व्याख्यानांनी नवख्यांचं लेखन सुधारत नाही, असं कुणी म्हटलं तर ते मला अर्धंच पटतं. नुसतं व्याख्यान म्हणजे तासभर आठवणी, मग सह्या आणि सेल्फी. करमणूक म्हणून ठीक. पण त्याच लेखकाला पहिला खर्डा आणि छापील पान शेजारी ठेवून काय खोडलं, का खोडलं हे दाखवायला सांगा. ते पुस्तकांत सहसा सापडत नाही. (तयार होतीलच असं नाही, खर्डे लपवायची खोड बहुतेकांना असते!)

कार्यशाळेचं म्हणाल तर, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेमुळे रूढ झालेली पद्धत, म्हणजे बाकीचे बोलणार आणि ज्याचं लेखन तो गप्प, नवख्यांना जाचक वाटते. त्यापेक्षा लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेची रीत बरी : आधी काय भिडलं ते सांगायचं, मग ज्याचं लेखन त्याचे प्रश्न, मग ऐकणाऱ्यांचे तटस्थ प्रश्न, आणि मत द्यायचं ते त्याची परवानगी घेऊनच. पाहुण्यांना हे आधी कळवा, नवख्यांचं लेखनही आठवडाभर आधी पाठवा. आयत्या वेळी वाचून मिळालेला अभिप्राय बहुधा 'छान आहे, लिहीत राहा' एवढाच असतो.