निम्मी सरकारी कार्यालयं कायमची बंद करायची? मग ऐकाच

टाचणी
‘महामारीत कार्यालयांना कुलूप होतं, तरी सरकार चाललंच ना? मग निम्मी कायमची बंद करा, सगळं ऑनलाइन टाका,’ असं काल मुक्तछंद यांनी लिहिलं आणि खाली +१ ची रांग लागली. प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

२०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाल्याचं उघड झालं. आकडे एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये भरले जात होते, आणि तिच्यात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तेवढा लांबला. कागद कुठे होता इथे?

उलट तैवान बघा. २००३ च्या सार्सच्या साथीत पोळल्यावर त्यांनी साथ येताच सगळ्या खात्यांना एका हुकमाखाली आणणाऱ्या केंद्राची सोय कायद्यात करून ठेवली. २०१५ च्या मर्सच्या साथीनंतर कोरियाने चाचणी किटना तातडीची मंजुरी देण्याची वाट मोकळी केली, म्हणून २०२० च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच त्यांचं पहिलं किट मंजूर झालं. संकटात कोणी कोणाला न विचारता काय ठरवायचं, हे आधीच ठरलेलं होतं. सुधारणा करायचीच तर तिथे करा. खिडकीमागचा माणूस कशाला काढता?

मुक्तछंद
एका एक्सेलवरून अख्खी यंत्रणा मोडीत? सोयीची उदाहरणं तर कुणालाही सापडतात. मला साध्या दाखल्यासाठी चार टेबलं फिरवणारा तो ‘खिडकीमागचा माणूस’ तुम्हाला भेटलेला दिसत नाही. भाग्यवान आहात.

सांजवात
माझ्या वडिलांचं निवृत्तिवेतन ओटीपीपायी अडकलं. नोंदवलेला नंबर बंद पडलेला, आणि तो बदलायला ओटीपी त्याच नंबरवर! शेवटी सुटलं ते एका बाईंनी खिडकीतून हात पुढे करून कागद घेतला म्हणून.
पण टाचणी, तुमचं ‘आधीच ठरलेलं’ही मला पटत नाही. साथींसाठी कोणता देश किती तयार हे मोजणाऱ्या ऑक्टोबर २०१९ च्या जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांकात अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरा. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

जुना_कारकून
अवांतर होईल, पण बोलतोच. अधिकार द्या म्हणता, नंतरच्या लेखापरीक्षणाचं काय? साथीत रातोरात खरेदीवर सही केली. साथ ओसरल्यावर आक्षेप आला: तीन दरपत्रकं का मागवली नाहीत? अहो, फोन उचलणारा पुरवठादारच एक होता! पुढच्या वेळी मी सही करणार नाही. माणसं मरोत, माझी फाइल स्वच्छ.

फटकळ
वा! म्हणजे नियम नकोतच? ब्रिटनमध्ये मंत्री-खासदारांच्या ओळखीने आलेल्या पुरवठादारांसाठी वेगळी रांग काढली होती. दोन कंपन्यांना त्या रांगेतून दिलेलं झुकतं माप बेकायदा, असं उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं. तातडीच्या नावाखाली खाणारे सगळीकडे सारखेच.

जुना_कारकून
मला चोर म्हणताय का? सरळ म्हणा.

फटकळ
मी नाव घेतलं नाही. खाई त्याला खवखवे.

टाचणी
अहो, भांडा, पण मुद्द्यावर. युक्रेनने साथीच्या सामानाची थेट खरेदी करू दिली, पण करार प्रोझोरो या त्यांच्या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर जाहीर करणं बंधनकारक ठेवलं. सही लगेच, आणि दर जगासमोर. कारकूनसाहेब, असं असतं तर तुमच्याकडे दरपत्रकं मागत बसायची वेळच कुणावर आली नसती.
सांजवात, निर्देशांकाचं मान्य. कागदावर असणं पुरत नाही. तैवान-कोरियाला आधी चटका बसला होता, हा फरक मी नीट मांडायला हवा होता.

मुक्तछंद
म्हणजे फिरून उपाय ऑनलाइनच निघाला की! आभारी आहे.

टाचणी
करार टाका की ऑनलाइन, हवे तेवढे. सांजवातच्या वडिलांना मात्र तिकडे ढकलू नका.

मुक्तछंद
बरं, ज्येष्ठांसाठी एखादी खिडकी ठेवा. निम्म्याऐवजी चाळीस टक्के बंद करू. खूश?

फटकळ
बाजारात भाव करतायत जणू.

जुना_कारकून
ते प्रोझोरो वगैरे येईल तेव्हा येईल. आक्षेप घेणारे साहेब बदलून गेले, नवे म्हणतात जुन्यांना विचारा, आणि जुने म्हणतात आता माझा संबंध नाही. माझा खुलासा मंजूर करण्याचा अधिकार नेमका कुणाला, हे इथल्या एखाद्या विद्वानाने सांगावं.