मदत हवी आहे: भाड्याच्या घरात चॅनेल-ब्रॅकेटच्या फळ्या लावाव्यात की लोखंडी अँगलचा रॅक घ्यावा?

विक्रोळीकरीण

आमची कन्नमवार नगरातली बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. मार्चमध्ये चाव्या दिल्या आणि तिथून दहा मिनिटांवर भाड्याच्या वन बीएचकेत आलो. करारात नवं घर ३६ महिन्यांत असं लिहिलंय. सोसायटीतले जुने लोक म्हणतात पाच वर्षं धरा. इथला करार अकरा महिन्यांचा, म्हणजे मधे एकदा तरी पुन्हा बिऱ्हाड हलणार.

जुन्या घरात सुताराकडून भिंतभर कपाट करून घेतलं होतं. घर रिकामं करताना ते काढलं तर हाती आल्या प्लायच्या ढलप्या आणि मागच्या बाजूने वाळवीची नक्षी. तेव्हाच ठरवलं, आता जे घेऊ ते स्क्रू उलटे फिरवून टेम्पोत टाकता आलं पाहिजे, आणि नव्या घरात वेगळ्या भिंतीवर वेगळ्या मापाने लागलं पाहिजे.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने त्यांचं जुनं सामान देऊ केलं. भिंतीला उभ्या लावायच्या दुहेरी खाचांच्या साडेसहा फुटी ८ लोखंडी पट्ट्या (म्हणजेच चॅनेल) आणि त्या खाचांत अडकवायचे ३० ब्रॅकेट, काही १० इंची, काही १२ इंची. फळ्या आपल्या आपण करायच्या. मी हुरळून गेले. हॉलमध्ये सासऱ्यांचे दिवाळी अंक (चाळीस वर्षांचे आहेत, रद्दीचं नाव काढलं की ते जेवत नाहीत), स्वयंपाकघरात वर्षाच्या धान्याचे डबे, गॅलरीत बादल्या आणि हत्यारांची पेटी, मुलांच्या कोपऱ्यात दप्तरं. एकच सामान चारही ठिकाणी, आणि गरज बदलली की खाच बदलायची!

घरमालकाला विचारून आधी बेडरूममध्ये एक जोडी लावून पाहिली. हार्डवेअरच्या दुकानातल्या मुलाने अर्ध्या तासात ड्रिल मारून, गिट्ट्या (स्क्रू धरणारे प्लग) ठोकून दिलं. मी वर अंक रचले. चौथ्या रात्री दोन वाजता धाडकन आवाज. वरचे स्क्रू गिट्ट्यांसकट बाहेर आलेले आणि भिंतीला माझ्या मुठीएवढा खड्डा. खाली कुणी झोपलेलं नव्हतं एवढंच बरं.

आता घरात दोन पक्ष आहेत. नवरा म्हणतो सरळ अँगलचे रॅक आणू, जमिनीवर उभे राहतील, भिंतीचा संबंधच नको. मला ते गोडाऊनसारखे दिसतात, आणि साडेनऊ बाय चौदाच्या हॉलमध्ये जमीन आहेच कुठे? सासूबाई तिसऱ्याच. त्यांची स्टीलची मांडणी सध्या खिळ्यांची परवानगी नाही म्हणून ओट्याला टेकून उभी आहे. ताटं, वाट्या, डबे, कपांचे आकडे, सगळं एकात. माझं मॉड्युलर-मॉड्युलर ऐकून त्या म्हणाल्या, "मग ही काय आहे?"

तर सांगा: पट्ट्या पडल्या कशाने, लावणाऱ्याच्या चुकीने की भिंतीच्या? स्वयंपाकघर आणि गॅलरीत हेच चालेल का? आणि फळी कसली करू? दुकानदार पार्टिकल बोर्ड गळ्यात मारतोय, स्वस्त आहे म्हणून.

---

चौथामाळा

आधी त्या खड्ड्यातली भुकटी बघा आणि इथे रंग सांगा. प्लास्टरच्या आतली हवी. पहिला पाऊण इंच सगळीकडे करडाच असतो, त्यावरून काही कळत नाही.

---

विक्रोळीकरीण

पांढुरकी, राखेसारखी. बोटाने उकरलं तरी निघतेय. बिल्डिंग साधारण दहा-बारा वर्षांची आहे.

---

चौथामाळा

मग एएसी ब्लॉक. लाल निघाली असती तर वीट, आणि ड्रिलने किंचाळून जेमतेम पीठ काढलं असतं तर काँक्रीट. एएसी म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका ब्लॉक. त्या मुलाने सवयीने हॅमरवर (ठोके देत फिरण्यावर) ड्रिल मारलं असणार, त्याने भोक आतून फुटून मोठं होतं, आणि विटेसाठीची आखूड गिट्टी त्यात नुसती बसून राहते. एएसीत हॅमर बंद ठेवून साधं ड्रिल मारायचं आणि त्याच्यासाठी मिळणारे लांब नायलॉनचे प्लग घ्यायचे. दुकानात "एएसीचे" म्हणूनच मागा.

दुसरं म्हणजे वजन. फूटभर फळीवर अंक उभे लावले की ८-१० किलो सहज होतात. तीन फुटी तीन फळ्या म्हणजे एका जोडीवर ८० किलोच्या आसपास. पुन्हा ते वजन भिंतीपासून लांब धरलेलं, त्यामुळे सगळ्यात वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. तुमचे वरचेच निघाले, बघा.

यावर स्वीडनच्या एल्फा या शेल्फ बनवणाऱ्या कंपनीची युक्ती मला फार आवडते. वर एकच आडवी पट्टी पक्की बसवायची आणि उभ्या पट्ट्या तिला टांगायच्या. भार सगळा वरच्या एका ओळीत, खालचे स्क्रू फक्त हलू नये म्हणून. तुमच्या पट्ट्या टांगायच्या प्रकारातल्या नाहीत, पण तत्त्व उसनं घ्या. हॉलच्या भिंतीवर छताखाली बीम असेल, ते काँक्रीट. पट्टी वर सरकवा, वरची एक-दोन भोकं बीममध्ये येऊ द्या, खालचं टोक जमिनीपासून पावणेदोन फुटांवर राहिलं तरी बिघडत नाही. खाली सोफा येईल. बीममध्ये मात्र हॅमरच लागेल, आणि दोन इंचांपेक्षा खोल जाऊ नका. सळी लागली तर जोर न करता भोक बदला. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल अजिबात नको, वायरिंग तिथूनच गेलेलं असतं.

पट्ट्या दोन-दोन फुटांवर घ्या. तीन फुटांवर घेतल्या तर १८ मिमीचा प्लायसुद्धा अंकांखाली वर्षभरात पोट काढतो. पार्टिकल बोर्ड जुलैत फुगेल, विषय संपला. प्लायवर आयएस ३०३ (प्लायचं भारतीय मानक) आणि बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा प्रकार) असं छापलेलं बघून घ्या आणि कापलेल्या कडा उघड्या सोडू नका, पाणी तिथूनच शिरतं.

---

आडवाटे

८ पट्ट्यांना ३० ब्रॅकेट म्हणजे जास्तीचे फारसे नाहीत. आजच त्या गृहस्थांना विचारा की कुठून घेतले होते. आपल्याकडे दोन खाचांमधलं अंतर कंपनीगणिक वेगळं. दुकानातला ब्रॅकेट दिसतो तसाच, पण एक दात बसतो आणि दुसरा अधांतरी. डीटर राम्स या जर्मन डिझायनरने १९६० मध्ये केलेली ६०६ नावाची शेल्फ-पद्धत आजही बनते, आणि कित्येक वर्षांपूर्वी घेतलेल्या पट्ट्यांवर आजची फळी चढते. खरं मॉड्युलर ते. किंमत विचारू नका. मी विचारली होती, मग घरी येऊन मुकाट्याने जुन्याच फळीला रंग दिला.

---

कढीलिंब

स्वयंपाकघराच्या बाबतीत मी तुमच्या यजमानांच्या बाजूने. धान्य भिंतीला लटकवू नका. अँगलचा रॅक घ्या, नागदेवीला, म्हणजे मुंबईतल्या हार्डवेअरच्या बाजारात, अँगल हवा तेवढा कापून देतात. पण खोली १२ इंच, फार तर १५. मी हौसेने १८ घेतली, आणि मागच्या रांगेत काय आहे ते फक्त झुरळांना माहीत असतं. आधी घरातला सगळ्यात उंच डबा मोजा, झाकण उघडायला वर चार इंच सोडा, मग फळ्यांची उंची ठरवा. सगळ्यात खालची फळी सहा इंच वर, नाहीतर केरसुणी आत जात नाही. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे लक्षात ठेवून भाव करा. मागच्या बाजूला तिरप्या पट्ट्या लावूनच घ्या, त्याशिवाय रॅक डुलतो. आणि घरात मुलं आहेत, तर माथ्याला एक स्क्रू मारून भिंतीशी बांधाच. तेवढ्या एका भोकाला मालक काही म्हणणार नाही.

गॅलरीत अँगल नेऊ नका. आमच्या रॅकचे पाय दोन पावसाळ्यांत गंजले आणि लादीवर चार तांबडे डाग कायमचे राहिले. प्लास्टिकचे बूट घातले होते, पाणी त्यातच साचलं. तिथे प्लास्टिकचाच रॅक बरा, दिसायला कसाही असो.

बाकी सासूबाईंना नमस्कार सांगा. त्यांच्या मांडणीत ताटं निथळतातही. आपल्या फळ्यांवर निथळतील का?

---

विक्रोळीकरीण

सगळ्यांचे आभार. काल शिडी लावून ठोकून पाहिलं, हॉलमध्ये बीम आहे, छतापासून सव्वा फूट खाली येतो. मालकांना फोन केला. आधीचा खड्डा बुजवून रंग देण्याच्या बोलीवर हॉलला परवानगी मिळाली. मुलांच्या डोक्यावर काही लावायचं मी रद्द केलंय, दप्तरं खुंटीला. धान्याला १२ इंची अँगल, आणि नवरा दोन दिवस मिशीत हसतोय.

ब्रॅकेट कुठले ते त्या गृहस्थांना आठवत नाही. तेव्हा एक ब्रॅकेट पर्समध्ये घालून शनिवारी नागदेवीला जाणार आहे. कुणी अलीकडे तिकडून असे घेतले असतील तर गल्ली सांगा, तिथे एकदा शिरलं की मला बाहेरचा रस्ता सापडत नाही.

आणि मालकांनी आपणहून विचारलं, "ती मांडणी तशीच टेकवून ठेवलीय का अजून? दोन खिळे मारा की." सासूबाईंनी लगेच हातोडी काढली, पण ती भिंतही एएसीच निघाली. चौथामाळा, भरलेल्या मांडणीला किती लांबीचे प्लग लागतील?